आज्जीचं दुसरं वाक्य

अन्याय झाला तो आज्जीवर. केव्हा, तेही सांगते. मागच्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकासमोर. दोनशेच्या वर पोरंपोरी तिथं हजर होती, त्यामुळं साक्षीदार नव्हते असं कुणी म्हणू नये. अन्याय करणारी मी. आज्जीचं खरं नाव या लेखात कुठंही येणार नाही. ते मी एकदा छापलंय, हजार प्रती काढून. तेवढं पुरे झालं.

आज्जी अठरा वर्षांची होती, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तिचं म्हातारीसारखं शांत वागणं बघून हे टोपणनाव मीच ठेवलं, पहिल्याच भेटीत, तिला न विचारता. तिची एक गोष्ट कुणाच्याही लगेच लक्षात यायची. राग आला की आपला आवाज चढतो, तिचा उतरायचा. राग जितका मोठा, तितका आवाज बारीक. एकदा मेसच्या आमटीत झुरळ निघालं. आम्ही ताटं आपटली, घोषणा दिल्या, मी तर बाकावर चढले. आज्जी उठून स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याशी इतक्या खालच्या आवाजात काहीतरी बोलली की ऐकू यावं म्हणून त्याला शेगडी बंद करावी लागली. अर्ध्या तासात नवी आमटी आली. काय बोललीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "विचारलं, तुमची पोरगी हितं जेवाय बसली असती तर काय केलं असतंसा?" मला ते पटलं नाही. त्या झुरळावर मी पत्रक काढलं. कुणी वाचलं नाही, कारण तोवर आमटी सुधारली होती.

आमच्या कॉलेजात 'ताई-दादा' नावाची योजना आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाची दहा मुलं सांभाळायला देतात. त्याआधी पुण्याहून एक बाई येऊन आमचं प्रशिक्षण घेऊन गेल्या. वीस प्रश्नांचा एक कागद भरून घेतला आणि त्यावरून प्रत्येकाची नेतृत्वशैली काढून दिली, रंगासकट. माझा रंग लाल. 'धडाडीची, प्रेरणा देणारी.' मी त्या कागदाचा फोटो काढून आठवडाभर स्टेटसला ठेवला होता. विद्यार्थी संघटनेत दोन वर्षं काढलेली, पत्रकं लिहून बोटं निबर झालेली पोरगी मी. मला आणखी काय शिकायचं होतं? फक्त दहा जणी मिळाल्या होत्या, त्यांना माझ्यासारखं करायचं होतं.

दर शनिवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या कट्ट्यावर आमची बैठक व्हायची. नियम माझा. प्रत्येकीनं उभं राहायचं आणि स्वतःवर झालेल्या अन्यायाबद्दल तीन मिनिटं बोलायचं. अडखळली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवून 'बोल, बोल' करायचं. एक मुलगी रडायला लागली तेव्हा मी तिला म्हणाले, रड नंतर, आधी वाक्य पुरं कर. तिनं केलं. माझी छाती फुगली. मला वाटलं, असेच घडतात पुढारी.

आज्जीची पाळी आली. ती उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "माझ्यावर अजून कुणी काय केलेलं न्हाय, ताई. दुसरं कायतर विचारा." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. तुला गुलामीची सवय झालीय, असं मी तिला नऊ जणींसमोर सुनावलं. तिची आई आजऱ्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडते आणि अब्बा शिंपीकाम करतात हे मला माहीत होतं, म्हणूनच सुनावलं. आईच्या हातांवर बोल, असंही वर सांगितलं. आज्जीचा आवाज पार तळाला गेला होता. "ताई, सकाळधरनं तुम्ही काय खाल्लासा काय?" मला तो उद्धटपणा वाटला. मी त्या दिवशी खरंच काही खाल्लं नव्हतं.

तिच्याजवळ चेनची एक कापडी पिशवी असायची. सुई, दोरा, हुकं, पोट दुखायच्या गोळ्या, घरचे भाजलेले काजू. रविवारी तिच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि माझ्याच दहातल्या सहा-सात जणी तिच्या कॉटवर जाऊन बसलेल्या असायच्या. कुणाचा ड्रेस उसवलेला, कुणाचं घरी भांडण, कुणाला एक सर नको तितक्या जवळ येऊन बोलतात. जे शनिवारी कट्ट्यावर उभं राहून बोलायला हवं होतं ते रविवारी कॉटवर बसून, हुकं लावताना निघायचं. मी त्या खोलीला चुगल्यांचा अड्डा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागं बोलायची मला सवय नाही. हा माझा गुण मी सगळीकडं सांगत फिरायचे.

आमची मुख्य लढाई फाटकाची होती. वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सहाला बंद. लायब्ररी आठपर्यंत उघडी. मुलांच्या वसतिगृहाला वेळच नाही. म्हणजे आठपर्यंत अभ्यास करायचा तो मुलांनी, आणि मुलींनी सहाला खोलीत बसून एकमेकींची तोंडं बघायची. फाटकाला लागून असलेल्या एका खोलीत रेक्टर मॅडम राहायच्या. कंत्राटी नोकरी, दर अकरा महिन्यांनी नव्यानं सही. आम्ही त्यांना 'कुलूप' म्हणायचो. आज्जी एकटीच मॅडम म्हणायची आणि रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं त्यांच्या खोलीत जाऊन बसायची. तिनं मला येऊन सांगितलं की वेळ मॅडमनी ठरवलेली नाही, वरून तोंडी हुकूम आहे, लेखी कुणी देत नाही, आणि मॅडमला पुढच्या सहीची भीती आहे. मी म्हणाले, शत्रूची वकिली बंद कर.

ऑगस्टमध्ये आज्जीच्या खोलीतल्या मुलीला ताप भरला. दोघी दवाखान्यातून सहा वीसला परतल्या. मॅडमनी त्यांना साडेसातपर्यंत फाटकाबाहेर उभं केलं, पावसात, तापासकट. दुसऱ्या दिवशी आज्जीचा चेहरा बघून मी काय झालं म्हणून विचारलं. ती आधी म्हणाली, "तुमच्यापाशी बोलतो. भाईर जायला नको." मी म्हणाले, नाही जाणार. हे मी म्हणाले, मला स्वच्छ आठवतं. मग तिनं सगळं सांगितलं. पुढचंही सांगितलं. त्या रात्री मॅडम स्वतः औषध घेऊन खोलीत आल्या होत्या आणि रडल्या होत्या. आजारी मुलीला कधीही फाटक उघडायचं हे त्यांनी कबूल केलं होतं. आठच्या वेळेचा लेखी अर्ज त्या संस्थेकडं पाठवणार होत्या, कच्चा मसुदा आज्जीच्याच अक्षरात होता. दिवाळीपर्यंत निकाल लागेल असं मॅडमचं म्हणणं होतं.

"दिवाळीपतोर थांबा की, ताई. एवढंच."

मी तिला थांबण्यावर व्याख्यान दिलं. बायका हजारो वर्षं थांबल्या वगैरे. मग खोलीवर जाऊन पत्रक लिहिलं. संघटनेत मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की तक्रारीत नाव, तारीख, वेळ आणि ठिकाण पाहिजेच, निनावी तक्रार कचऱ्यात जाते. मी सगळं घातलं. आज्जीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वर्ग. खोलीचा नंबर. तापवाल्या मुलीचं नाव घातलं नाही, कारण ती मला 'पुरेशी ठाम' वाटली नव्हती. मॅडम रडल्या, औषध आणलं, अर्ज तयार आहे, यातलं एक अक्षर घातलं नाही. पत्रकाला ते झेपलं नसतं.

सोमवारी पावणेअकराला मी हातात भोंगा घेऊन ते पत्रक फाटकासमोर वाचलं आणि तिला नावानं पुढं बोलावलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती, रिकामी बादली हातात घेऊनच आली. दोनशे जण तिचं नाव घेऊन ओरडत होते, तू घाबरू नको, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. तिनं बादली खाली ठेवली. मी भोंगा तिच्या हातात दिला. ती बोलली, आणि आवाज इतका खाली गेला की भोंग्यातूनही जेमतेम आला. "ह्यात लिहिलंय ते खरं हाय." टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर तिनं दुसरं वाक्य सुरू केलं. "पण हे मी छापाय सांगितलं न्हवतं, आणि मॅडमनी..."

मी भोंगा ओढून घेतला.

घाईत झालं, असं मी पुढं वर्षभर सांगितलं. खोटं आहे. वाक्य कुठं चाललंय हे मला कळलं होतं, आणि कळल्यावर माझा हात गेला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ आहे. आज्जीनं भोंग्याची मूठ क्षणभर धरून ठेवलेली त्यात दिसते. मी जोरात हिसका देते. ती सोडते, बादली उचलते आणि आत निघून जाते. मी घोषणा देते. घोषणा चांगली वठलीय.

नऊ दिवसांत वेळ आठची झाली. पेपरात फोटो आला, मधोमध मी. मॅडमना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. खोली रिकामी करताना त्यांचा गॅस आणि गादी दोन तास फाटकाबाहेर रस्त्यावर पडून होती. आम्ही पेढे वाटत तिथूनच गेलो. एकीनं त्यांच्यापुढंही पेढा धरला. मी तिला थांबवलं नाही.

वसतिगृहात राहायचं तर कोल्हापुरातल्या एका घराची 'स्थानिक पालक' म्हणून सही लागते. आज्जीसाठी ती सही तिच्या चाचांनी केली होती. चाचा कळंब्याला, जेलच्या मागच्या गल्लीत राहतात आणि आमच्याच संस्थेच्या बसवर ड्रायव्हर आहेत. त्यांना ऑफिसात बोलावून पत्रक पुढं ठेवलं आणि फक्त एवढंच विचारलं, ही तुमच्यातलीच का? दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी सही मागं घेतली. त्यांना तीन मुलं आहेत. मी त्यांना भ्याड म्हणू शकते. मागच्या वर्षी म्हटलंही होतं. सही गेली की पंधरा दिवसांत दुसरं घर दाखवायचं, नाहीतर खोली सोडायची, असा नियम आहे. आज्जीनं पंधरा दिवस घर शोधलं. मला एका शब्दानं बोलली नाही. त्या दोन्ही शनिवारी ती कट्ट्यावर आली नाही, आणि मी वहीत तिच्या नावापुढं 'गैरहजर' लिहून खाली लाल रेघ ओढली.

मला सांगितलं ते सानिकानं, माझ्या दहातल्याच एका मुलीनं. ताई, ती निघाली की, आत्ता ट्रंक घेऊन रिक्षात बसली. मी स्टँडवर गाठलं तोवर गाडी लागली होती. आज्जी खिडकीत बसलेली. मी खालून बोलत सुटले. धरणं धरू, सह्या गोळा करू, ऑफिसला पळता भुई थोडी करू. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उरलेली पत्रकं किती हायत?"

दोनेकशे असतील, मी म्हणाले.

"ती फाडा. एक आजऱ्याला पोचलंय. अब्बांनी दुकानात वाचलं, गिऱ्हाईक समोर बसलं होतं."

"तू मला आधी सांगायचं नाहीस का?"

"सांगत हुतो की." आवाज एवढा बारीक की मला टाचा उंचावून खिडकीच्या गजाला कान लावावा लागला. "भोंग्यातनं सांगत हुतो, तवा तुम्ही काढून घेतलासा."

गाडी हलली. तिनं हात केला नाही. काय म्हणून करावा?

वर्षाच्या शेवटी उरलेल्या नऊ जणींनी आपल्या ताईबद्दल एक-एक कागद भरून दिला. 'ताईंनी आम्हाला बोलायला शिकवलं' हे वाक्य सात कागदांवर होतं, शब्दाला शब्द सारखं, कारण ते मीच शनिवारी म्हणायचे. एकीनं लिहिलं होतं, ताईंना काही सांगायची भीती वाटते. नववा कागद कोरा होता. पुण्याच्या बाईंच्या प्रश्नावलीत यातलं काही नव्हतं. तरीही मी तो 'प्रेरणा देणारी' कागद फाडला नाही.

माझी शैली मला खरी दिसली ती यंदा. सानिका आता 'ताई' झालीय. यंदा तिसऱ्या वर्षाची मुलं कमी पडली म्हणून तिला एक वर्ष आधीच दहा पोरी दिल्यात. मी कट्ट्यावर तिची बैठक बघायला गेले. एक बारकी पोर उभी होती, रडत होती, आणि नऊ जणी टाळ्या पिटत होत्या. सानिका कमरेवर हात ठेवून म्हणाली, रड नंतर, आधी वाक्य पुरं कर. माझाच सूर, माझीच मान. मला बघून तिचा चेहरा उजळला. तुमच्यासारखं जमतंय का, ताई? मी म्हणाले, जमतंय. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. एवढं धडाडीचं तोंड.

त्या आठवड्यात मी आजऱ्याला गेले. आज्जीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला तेव्हा तिची बोटं दिसली. काजूच्या बीचा चीक लागला की बोटं काळी पडतात, सोलतात, घासून जात नाही. ती आईबरोबर कारखान्यात जाते. तिनं मला एकच गोष्ट विचारली, मॅडमना कुठं काम लागलं का? मला माहीत नव्हतं. मी कधी चौकशी केली नव्हती. ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

अब्बा मशीनवर बसले होते, गळ्यात टेप. मी माफी मागितली. माफीसुद्धा मी वीस मिनिटं मागितली, मुद्देसूद. त्यांनी पाय थांबवले.

"बरं बोलतीस पोरी. माझ्या पोरीचं नाव हजार कागदांवर घातलंस. त्यातला एक कागद आधी मला धाडला असतास, तर मी सोता आलो असतो की फाटकावर. मी काय न्हाय म्हटलं असतं?"

मी त्यांनाच विचारलं, आता काय करू? माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

त्यांनी अट सांगितली. पोरीला परत पाठवायची त्यांची तयारी आहे. पण कोल्हापुरात तिच्या मागं एक घर पाहिजे, घरात बाईमाणूस असलेलं, नुसती सही करणारं नको, हाक मारली तर येणारं. जूनपर्यंत ते वाट बघतील. त्यानंतर आशा धरायची नाही, असं त्यांनी पोरीलाही सांगितलंय. माझे आईवडील नृसिंहवाडीला असतात, तेव्हा आमचं घर नियमातच बसत नाही. बसलं असतं तरी अब्बांनी उठताना सांगून टाकलं, "तुझं घर सोडून."

आल्यावर मी संघटनेतली सात घरं पालथी घातली. सगळ्यांनी पाठिंबा दिला. दोघं पाठिंब्याचं पत्र देतो म्हणाले. एका घरी तर वडिलांनी माझ्यासमोर स्त्रीशिक्षणावर अर्धा तास घेतला आणि सहीचं नाव काढल्यावर विचारलं, पण काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येणार ना? व्हय, येणार. त्यालाच पालक म्हणतात. सही एकाही घरानं केली नाही.

म्हणून हे लिहितेय, आणि तुमच्यासाठी लिहितेय. त्या सोमवारी फाटकासमोर तुम्ही होता. तिचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, पण तुम्हाला ते माहीत आहे, तुम्ही घसा फोडून ओरडला होता ते. पाठीशी आहोत असंही ओरडला होता. तुमच्यातल्या निम्म्यांची घरं याच शहरात आहेत, आणि त्या घरांत आया आहेत. स्थानिक पालकाचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो, एक पानाचा आहे. तो घ्या. आईला सगळं खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या हेसुद्धा. तिला घेऊन आजऱ्याला जा. दुकानात बसा, अब्बा काय विचारतील ते आईला ऐकू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. माझं नाव काढू नका. मग सही करा. हा लेख कुणाला पुढं पाठवू नका, खाली शाबासकी लिहू नका, मला फोन करून वाईट वाटलं म्हणून सांगू नका. जून यायच्या आत एक घर पाहिजे. आईला आजच विचारा.